हॅकेथॉन संपल्यावर कोड कुणाचा, वेळ कुणाचा?

वाचकांचे प्रश्न

कंपनीच्या आत भरणाऱ्या हॅकेथॉनबद्दल (ठरलेल्या एक-दोन दिवसांत टीम करून सॉफ्टवेअरचं काम पार पाडण्याचा कार्यक्रम) आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सगळ्यांचाच फक्त हुद्दा आणि गाव दिलं आहे. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: दोन दिवस छान गेले, पण पुढे काय? म्हणून त्या प्रश्नाला जागाही जास्त दिली आहे.

आमच्या कंपनीत १८० इंजिनिअर आहेत. यंदा पहिल्यांदाच हॅकेथॉन घ्यायचं ठरतंय. संचालक विचारतात, ‘यातून कंपनीला मिळणार काय?’ त्यांना काय सांगू?
— इंजिनिअरिंग मॅनेजर, बाणेर, पुणे

त्यांना नेमकं काय हवंय, ते आधी त्यांच्याकडूनच काढून घ्या. हॅकेथॉन या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात आणि तिन्हींची आखणी वेगळी असते.

पहिलं काम म्हणजे असलेल्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांनी एकत्र बसून जोर लावणं. हॅकेथॉनची सुरुवात यातूनच झाली. जून १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे दहा डेव्हलपर कॅनडातल्या कॅल्गरी शहरात जमले. क्रिप्टोग्राफीवर अमेरिकेची निर्यातबंधनं होती, म्हणून ते काम अमेरिकेबाहेर करणं त्यांना भाग होतं. तिथे स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते, बक्षीसही नव्हतं. दुसरं काम म्हणजे नव्या कल्पनेचा कच्चा नमुना करून ती चालते का, ते पाहणं. ॲटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी २००५ पासून चोवीस तासांचा असा उपक्रम घेते आणि ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या तिच्या जिरा सर्व्हिस डेस्कचं मूळ त्यात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ पासून जगभरच्या कर्मचाऱ्यांसाठी हॅकेथॉन सुरू केलं. २०१५ साली त्यात पहिल्या आलेल्या, वाचनात अडचण येणाऱ्या मुलांसाठीच्या साधनातून पुढे इमर्सिव्ह रीडर तयार झालं. तिसरं काम माणसांचं: पेमेंटवाल्यांनी सर्चवाल्यांना भेटणं, नव्या माणसाने जुन्या सिस्टिमला हात लावणं, कुठला अंतर्गत एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली सोय) वापरायला किती त्रासाचा आहे ते सगळ्यांना एकदम कळणं.

संचालकांपुढे खर्चही मांडा. शंभर जणांनी दोन दिवस दिले तर दोनशे मनुष्यदिवस होतात, म्हणजे एका माणसाचे जवळपास दहा महिने. एवढ्या खर्चात वीस-बावीस नमुने होतील. त्यातले दोन-तीन पुढे नेण्याजोगे निघाले तर उत्तम, आणि तेही लगेच पैसे आणणार नाहीत. फेसबुकच्या लाइक बटणाचा नमुना २००७ च्या एका हॅकेथॉनमध्ये झाला. लोकांना ते वापरायला मिळालं फेब्रुवारी २००९ मध्ये. एवढी कळ काढायची तयारी नसेल तर दुसऱ्या प्रकाराच्या नादी लागू नका. पहिला किंवा तिसरा घ्या. त्यांचं फळ दुसऱ्याच आठवड्यात दिसतं.

तिन्ही कामं एकाच हॅकेथॉनमधून साधायचा मोह मात्र आवरा. लोकांची ओळख व्हावी म्हणून चिठ्ठ्या टाकून टीम पाडायच्या आणि परीक्षकांनी मात्र ‘बाजारात किती चालेल’ यावर गुण द्यायचे, असं केलं की दोन्ही हेतू फसतात.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी सकाळी सहा असं ३६ तासांचं हॅकेथॉन जाहीर झालंय. म्हणायला ‘ऐच्छिक’, पण अप्रेझलमध्ये सहभाग मोजणार असं कळतंय. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. नाही म्हणू का?
— सीनिअर डेव्हलपर, ऐरोली

हो, म्हणा. अप्रेझलमध्ये मोजली जाणारी गोष्ट ऐच्छिक नसते. ते काम आहे आणि त्याला कामाचे नियम लागतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामावर ठेवायचं असेल तर त्यांची संमती लागते. शिवाय त्यांची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोचवणारं वाहन ही मालकाची जबाबदारी असते. कार्यक्रमाला हॅकेथॉन म्हटल्याने ती जबाबदारी टळत नाही. एचआरला लिहिताना तीन गोष्टी मागा: हॅकेथॉन कामाच्या दिवशी घ्यावं किंवा शनिवार-रविवारची बदली रजा मिळावी, अप्रेझलचा संबंध लेखी तोडावा, घरून किंवा दिवसातला काही वेळच भाग घेण्याची सोय असावी. पत्रावर चार-पाच जणांच्या सह्या असल्या तर त्याला वजन येतं. अडचण तुमच्या एकटीचीच नसणार.

३६ तासांची ही पद्धत कंपन्यांनी बरीचशी विद्यार्थ्यांच्या स्पर्धांवरून उचलली आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची २०१७ पासूनची सॉफ्टवेअरची अंतिम फेरी छत्तीस तासांचीच असते. पण तिथली मुलं दुसऱ्या दिवशी बँकेची पेमेंट सिस्टिम सांभाळायला बसत नाहीत. कंपनीत रविवारी पहाटेपर्यंत जागलेला माणूस सोमवारी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिममध्ये, कोड टाकतो, आणि धोका तिथे आहे. हॅकेथॉनपुरतं बोलायचं तरी रात्री दोननंतर लिहिलेलं सकाळी दुरुस्त करण्यातच वेळ जातो. चालू असलेला डेमो शेवटच्या तासात मोडतो तो बहुधा झोपेत केलेल्या ‘एका छोट्या बदला’मुळे.

आयोजकांना द्यायला हे वेळापत्रक घ्या. गुरुवारी साडेनऊला सुरुवात. एक वाजता प्रत्येक टीमने फक्त एक वाक्य सांगायचं: ‘उद्या आम्ही हे दाखवू.’ दुपारी चारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट चालली पाहिजे, मधले दोन टप्पे खोट्या डेटावर असले तरी चालतील. ज्यांना चारपर्यंत हे जमलं नाही त्यांनी आवाका निम्मा करायचा. यात सवलत देऊ नये. सातला ऑफिस बंद. शुक्रवारी एक वाजता कोड गोठवायचा, अडीचपर्यंत जेवण, सराव आणि डेमोचं रेकॉर्डिंग, मग डेमो, पाचला निकाल. रेकॉर्डिंग सगळ्यांकडून सक्तीने घ्यावं. ऐन वेळी नेटवर्क गेलं तर ते लावता येतं, आणि सहा महिन्यांनी कुणी ‘ते काय केलं होतं?’ विचारलं तर दाखवायला तेवढंच उरलेलं असतं.

यात एक मेख आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे आखलेल्या कामाच्या एका टप्प्यात, कामाचे दहा दिवस असतात. हॅकेथॉनचे दोन वजा केले की उरतात आठ. स्प्रिंटचं नियोजन आठ दिवसांचंच व्हायला हवं आणि प्रॉडक्ट मॅनेजरने ते आधी मान्य करायला हवं. तसं झालं नाही तर गुरुवार-शुक्रवारची भरपाई लोक गुपचूप शनिवार-रविवारी करतात, म्हणजे फिरून गाडी तिथेच येते.

दरवेळी पहिले चार तास लॅपटॉप सेट करण्यात जातात. मागच्या खेपेला क्लाउडचं बिलही फुगलं. तांत्रिक तयारी नेमकी कशी करावी?
— डेव्हऑप्स इंजिनिअर, नागपूर

तयारी दोन आठवडे आधी सुरू करा. कुठल्याही टीमला कुठल्याही लॅपटॉपवर अर्ध्या तासात ‘चालतंय’ म्हणता आलं पाहिजे, हे एकच लक्ष्य ठेवा. त्यासाठी एक नमुना रिपॉझिटरी (कोडचा साठा) बनवा. तिच्यात एक छोटं वेब ॲप, एक सर्व्हिस, एक डेटाबेस आणि कंपनीच्या लॉगिनशी जोडणी असावी, आणि एका आज्ञेत सगळं उभं राहावं. ती तुम्ही स्वतः तपासून उपयोग नाही, तुमच्या यंत्रावर सगळं आधीपासून असतं. महिन्याभरापूर्वी रुजू झालेल्या कुणाला तरी द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. तो जिथे अडेल तिथे नमुना दुरुस्त करायचा.

नेटवर्कची एक अडचण आधी लक्षात येत नाही. ऑफिसातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. डॉकर हब या साठ्यावरून लॉगिन न करता इमेज (सॉफ्टवेअरचे तयार संच) उतरवण्याची मर्यादा याच पत्त्यावर मोजली जाते. पहिल्या पाच-सहा टीमचं काम होतं आणि मग सगळ्या मजल्यावर ४२९ (मागण्या मर्यादेपलीकडे गेल्या) ही चूक दिसू लागते. लोक वाय-फायला दोष देतात आणि राउटर बंद-चालू करत बसतात. उपाय सोपा आहे: ऑफिसच्या आत एक मिरर रजिस्ट्री (त्याच इमेजच्या प्रती ठेवणारा आपला साठा) उभी करा, लागणाऱ्या आठ-दहा इमेज आदल्या दिवशी त्यात उतरवून ठेवा आणि सगळ्यांच्या डॉकरला तिचा पत्ता द्या. एनपीएम आणि मेव्हनच्या पॅकेजांसाठीही असाच साठा करून ठेवला तर उत्तम.

क्लाउडसाठी वेगळं खातं उघडा, ज्याचा प्रॉडक्शनशी कुठलाही संबंध नाही. बिल फुगण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: बजेटची सूचना लावली म्हणजे खर्च थांबेल असा समज. ती सूचना फक्त मेल पाठवते, काहीही बंद करत नाही. त्यात बिलाचे आकडे काही तास उशिरा येतात. दोन दिवसांच्या कार्यक्रमात मेल येईपर्यंत व्हायचा तो खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून खर्च मुळातच अडवा: क्लाउडच्या एकाच रीजनला (भौगोलिक भागाला) परवानगी, मोठी आणि जीपीयूची (जड आकडेमोडीच्या महागड्या चिपची) यंत्रं धोरणानेच नाकारलेली, ज्यांना खरंच जीपीयू हवा त्यांनी मागून घ्यायचा. प्रत्येक गोष्टीला टीमचं नाव टॅग म्हणून लागलंच पाहिजे. शुक्रवारी रात्री आठला सगळं पुसणारी स्क्रिप्ट वेळ लावून ठेवा आणि ते सगळ्यांना सकाळीच सांगा. जे राखायचं ते लोक मग आपणहून गिटमध्ये (कोडचा इतिहास राखणाऱ्या साधनात) टाकतात. एपीआयच्या किल्ल्याही शुक्रवारी आठलाच मरतील अशा द्या. कुणी किल्ली चुकून गिटमध्ये टाकली तर पुढच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) ती काढून भागत नाही. इतिहासात ती राहतेच, त्यामुळे ती रद्द करून नवी काढावी लागते. गिटलीक्ससारखं, कोडमधल्या किल्ल्या हुडकणारं साधन कमिटच्या आधीच लावलं तर ती वेळ येत नाही.

आता डेटा. ‘आम्ही नावं काढून टाकली आहेत’ म्हणत लोक प्रॉडक्शनची प्रत उचलतात आणि इथेच मोठा घात होतो. नाव काढलं तरी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एकत्र आलं की माणूस ओळखता येतो. मोबाइल नंबर हॅश केला, म्हणजे सूत्राने त्याचा उलट न फिरवता येणारा सांकेतिक मजकूर केला, की झालं, असं वाटतं. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे, म्हणजे एकूण शक्यता फक्त चारशे कोटी. सगळ्यांचे साधे हॅश काढून जुळवून पाहायला एका जीपीयूला काही सेकंद पुरतात. त्याऐवजी एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली घालून केलेला हॅश, वापरा, म्हणजे तोच ग्राहक सगळ्या टेबलांत तोच राहील आणि जोडण्या मोडणार नाहीत. कार्यक्रम संपला की ती किल्ली नष्ट करा. यापेक्षाही बरं म्हणजे डेटा कृत्रिम बनवणं. एक लाख ग्राहकांचा, दोन वर्षांच्या व्यवहारांचा खोटा संच एकदा नीट बनवला की दरवर्षी कामाला येतो. त्यात मुद्दाम घाण ठेवा: रिकामे पत्ते, मराठीत लिहिलेली नावं, दुबार नोंदी, २९ फेब्रुवारीचे जन्म. स्वच्छ डेटावर सगळ्यांचेच नमुने चालतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हॅकेथॉनच्या लॅपटॉपवरून गळलेला डेटाही डेटाच असतो.

मी टेस्टर आहे. कोड फारसा लिहीत नाही. टीममध्ये मला कुणी घेत नाही. भाग घ्यावा का?
— क्यूए इंजिनिअर, नाशिक

जरूर घ्या, पण ‘मला घेता का?’ असं विचारत फिरू नका. प्रश्न घेऊन जा. ग्राहक कुठे अडतात ते तुम्हाला आणि सपोर्टच्या लोकांना डेव्हलपरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. मागच्या तीन महिन्यांची तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) काढा, एकाच कारणाची वीस-पंचवीस निवडा आणि त्यातलं एक, माहिती झाकून, एका पानावर मांडा: ग्राहक काय करायला गेला, कुठे थांबला, आज आपण त्याला काय उत्तर देतो, त्यात किती मिनिटं जातात. टीम जमवण्याच्या बैठकीत हे पान घेऊन उभं राहिलात तर डेव्हलपर तुमच्याकडे येतील. कल्पना सगळ्यांकडे असतात. पुराव्यासकट प्रश्न फार थोड्यांकडे असतो.

टीम तीन ते पाच जणांची ठेवा. सहावा माणूस आला की वेळ काम वाटण्यातच जातो.

आमच्याकडे दरवर्षी सुंदर स्लाइड करणारेच जिंकतात. खरं काम करणाऱ्यांची निराशा होते. परीक्षण कसं व्हावं?
— आर्किटेक्ट, खराडी, पुणे

निकष आणि त्यांचं वजन सुरुवातीलाच जाहीर करा, डेमोच्या दिवशी नाही. आम्ही सुचवतो ते असं: प्रश्न खरा असल्याचा पुरावा ३५, चालणारा भाग ३०, पुढच्या महिन्यात काय लागेल याचा प्रामाणिक अंदाज २५, मांडणी १०. ‘नावीन्य’ हा वेगळा निकष नको. त्यावर प्रत्येक परीक्षक आपापली आवड मोजतो.

डेमो चार मिनिटांचा, प्रश्नोत्तरं दोन मिनिटांची, अदलाबदल एक. म्हणजे टीमला सात मिनिटं. बारा टीम ८४ मिनिटांत होतात. चोवीस असतील तर सलग घेऊ नका, पावणेतीन तासांनंतर कुणाचंच लक्ष ठिकाणावर नसतं. दोन खोल्यांत बारा-बारा घ्या आणि प्रत्येकीतून दोन निवडा. स्लाइड फक्त एक, बाकी चालणारी वस्तू. प्रश्नोत्तरांत प्रत्येक टीमला तोच पहिला प्रश्न विचारावा: ‘यातलं काय खोटं आहे?’ हॅकेथॉनमध्ये हार्डकोड केलेलं (कोडमध्येच आधी लिहून ठेवलेलं) उत्तर दाखवण्यात गैर काहीच नाही. ते लपवणं गैर आहे. हा प्रश्न येणार हे आधीच ठाऊक असलं की लोक मोकळेपणाने सांगतात आणि परीक्षकांची दिशाभूल होत नाही.

गुणांची बेरीज करताना एक चूक सर्रास होते. एक परीक्षक सगळ्यांना ७ ते ९ च्या मध्ये गुण देतो, दुसरा ३ ते ९. नुसती बेरीज केली तर निकाल जवळपास दुसऱ्याच्याच मताने लागतो, कारण फरक पाडणारे आकडे त्याचे असतात. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा, त्याच्याच प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने) भागा आणि मग बेरीज करा. शीटमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या दोन टीमना नेहमी हात राखून गुण मिळतात. त्यासाठी परीक्षकांना आधी मागच्या वर्षीचा एक रेकॉर्ड केलेला डेमो दाखवून सरावाचे गुण द्यायला लावा.

बक्षिसाबद्दल आमचं मत ठाम आहे. मोठी रोख रक्कम नको. ती आली की लोक कल्पना लपवतात, टीम फोडतात, निकालावर भांडतात. जिंकलेल्या टीमला कामाचे दिवस द्या. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

आम्ही जिंकलो. टाळ्या झाल्या, फोटो झाले. तीन महिने झाले, आमचा प्रोजेक्ट तसाच पडून आहे. शेजारच्या टीमचं उलट झालं, त्यांना सांगितलं ‘सोमवारी लाइव्ह करा’. बरोबर काय?
— बॅकएंड डेव्हलपर, हिंजवडी, पुणे

दोन्ही चूक, आणि दोन्हींचं कारण एकच: नमुना आणि उत्पादन यांच्यामध्ये किती काम असतं ते आधी कुणी मोजलंच नाही.

तुमचा नमुना तुम्ही कळवल्याप्रमाणे सपोर्टच्या जुन्या तिकिटांत शोध घेणारा आहे. हॅकेथॉनमध्ये तो पाचशे तिकिटांवर चालला आणि झटकन उत्तरं दिली. प्रॉडक्शनमध्ये चाळीस लाख तिकिटं आहेत असं धरा. शब्द मजकुरात कुठेही असला तरी शोधायचा, अशी डेटाबेसची क्वेरी साधा इंडेक्स (शोधासाठीची सूची) वापरूच शकत नाही, प्रत्येक ओळ वाचते. पाचशेला जे दिसलंही नसतं ते चाळीस लाखांना कितीतरी सेकंद घेईल, आणि दहा एजंटांनी एकदम शोधलं तर त्याच डेटाबेसवर चालणारी बाकीची कामंही अडतील. म्हणजे आधी वेगळा सर्च इंडेक्स हवा. नवं तिकीट आलं की तो अद्ययावत करायची सोय हवी. कुठल्या एजंटने कुठल्या ग्राहकाची तिकिटं पाहायची, ती परवानगी शोधाच्या निकालालाही लागू व्हायला हवी, आणि नमुन्यात ती नक्कीच नसणार. त्यावर टाइमआउट, लॉग, निकालांची पानं पाडणं, बंद पडलं तर जुन्या पद्धतीवर परतणं. ‘सोमवारी लाइव्ह’ म्हणणाऱ्याला ही यादी दाखवायची.

पडून राहण्यावरचा इलाज हॅकेथॉनच्या आधी करायचा असतो. तारीख जाहीर करतानाच कंपनीने तीन वचनं लेखी द्यावीत. निकालानंतर दहा कामाच्या दिवसांत प्रत्येक नमुन्याला उत्तर मिळेल: पुढे न्यायचा, थांबवायचा, किंवा अमुक टीमकडे द्यायचा. पुढे न्यायचा असेल तर दोन माणसांचा निम्मा वेळ चार आठवडे, म्हणजे वीस मनुष्यदिवस, आधीच रोडमॅपमध्ये राखलेला असेल. आणि ज्याच्या उत्पादनात तो बसणार तो प्रॉडक्ट ओनर डेमोला हजर असेल. या तिसऱ्या अटीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कुणाच्याच उत्पादनात न बसणारा नमुना कितीही सुंदर असला तरी त्याला वाली नसतो.

तुमच्यासाठी आत्ता काय करता येईल? आधी एका पानाची नोंद लिहा: प्रश्न काय, नमुन्यात खरं काय, खोटं काय, चालवायचा कसा, आणि करताना काय कळलं. मग सपोर्टच्या प्रमुखाला भेटा, आपल्या मॅनेजरला सांगून. जुनं तिकीट शोधायला एजंटला आज किती वेळ लागतो ते पन्नास वेळा मोजून द्यायला सांगा. तो आकडा हातात घेऊन वीस मनुष्यदिवस मागा. मिळाले तर हॅकेथॉनचा कोड मुख्य शाखेत ओढू नका. शेजारी उघडा ठेवून नव्याने लिहा, फीचर फ्लॅगच्या (हवी तेव्हा सोय चालू-बंद करणाऱ्या कळीच्या) आड ठेवा आणि पहिले दोन आठवडे फक्त पाच एजंटांना द्या. नाही मिळाले तर ‘थांबवला’ असं कारणासकट लिहून घ्या. तेही चालेल. भिजत पडलेल्या घोंगड्यापेक्षा स्पष्ट नकार माणसाला मोकळं करतो, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा उत्साहाने येतो.

घरी दोन वर्षं जोपासलेली कल्पना मी हॅकेथॉनमध्ये करून दाखवली. ती आता कंपनीची झाली का?
— मोबाइल ॲप डेव्हलपर, ठाणे

कल्पना आणि कोड वेगळे धरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कामाच्या वेळेत, कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या कार्यक्रमात लिहिलेला कोड याच्या बाहेर काढणं फार अवघड. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, पण तुमच्या नेमणूकपत्रात शोध आणि कल्पना कंपनीकडे सोपवण्याचं कलम असण्याची दाट शक्यता आहे. ते आज काढून वाचा. घरी लिहिलेला जुना कोड तारखांसकट स्वतःच्या खात्यात असेल तर तो तसाच राहू द्या, त्यात कंपनीतलं काही मिसळू नका, आणि तो आधीपासूनचा आहे हे एचआरला मेलने कळवा. रक्कम किंवा धंदा मोठा वाटत असेल तर वकिलाकडे जाणंच शहाणपणाचं. ज्यांच्या मनात अशी कल्पना आहे पण अजून दाखवलेली नाही, त्यांनी हॅकेथॉनला दुसरं काहीतरी न्यावं.

कंपन्यांनीही दोन गोष्टी पाहाव्यात. पेटंटचा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत बाहेरच्या पाहुण्यांसमोर डेमो नको. जाहीर झालेल्या गोष्टीचं नावीन्य जातं. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळतही नाही. आणि घाईत ओढलेल्या लायब्ररींचे परवाने तपासा. एमआयटी किंवा अपाची २.० असेल तर नोंद ठेवली की पुरतं. एजीपीएल असेल, त्यात बदल केले असतील आणि सेवा नेटवर्कवरून दिली, तर वापरणाऱ्यांना सोर्स कोड मिळण्याची सोय ठेवावी लागते.

आता एआय दोन तासांत ॲप लिहून देतं. मग हॅकेथॉनला अर्थ काय उरला?
— टेक लीड, कोल्हापूर

‘बघा, स्क्रीन चालतेय’ याची किंमत उतरली आहे, एवढं खरं. त्यामुळे चालणाऱ्या भागाचं वजन कमी करा आणि मोजमापाचं वाढवा. एआयवर आधारलेल्या नमुन्याला अट घाला: सुरुवातीलाच तीस खऱ्या उदाहरणांचा, माहिती झाकलेला संच तयार करायचा, अपेक्षित उत्तरं माणसाने लिहायची, आणि डेमोत तिसांपैकी किती बरोबर ते दाखवायचं. चुकलेल्यांपैकी दोन उदाहरणं पडद्यावर उघडायची. एवढ्याने चमकदार आणि उपयोगी यातला फरक चटकन कळतो. कंपनीचा कोड कुठल्या एआय साधनात टाकायला परवानगी आहे आणि कुठल्या नाही, याची यादी सकाळी साडेनऊलाच भिंतीवर लावा.

आमची निम्मी टीम पुण्यात आणि निम्मी म्युनिकमध्ये. एकत्र कसं घ्यावं?
— स्क्रम मास्टर, मगरपट्टा, पुणे

उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. रिमोट हॅकेथॉन उन्हाळ्यात घ्या. सकाळी मोकळेपणाने काम आणि दुपारी साडेबारा ते साडेसहा हा वेळ दोघांचा. टीम मिश्र ठेवा, पण प्रत्येक टीममध्ये एका गावात किमान दोघं हवेत. एकटा पडलेला माणूस पहिल्या दिवशीच गळतो. डेमो दुपारी चारला ठेवा, तिकडे साडेबारा झालेले असतात. संध्याकाळी जाताना पुण्याच्या माणसाने दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग टाकून जावं, लांब निरोप लिहू नये.

आमच्याकडे नव्या कल्पनांची भूक नाही, जुन्या बगांचा डोंगर आहे. तरी व्यवस्थापनाला हॅकेथॉनच हवंय.
— सपोर्ट इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर

मग नाव हॅकेथॉनच राहू द्या आणि काम दुरुस्तीचं करा. गूगलमध्ये अशा ठरवून घेतलेल्या दिवसांना फिक्सइट म्हणतात. कॅल्गरीतले ओपनबीएसडीचे डेव्हलपरही आपल्याच कोडवर काम करायला जमले होते, त्यामुळे तुमची मागणी मूळ हॅकेथॉनपासून फार दूर नाही.

आखणी मात्र वेगळी लागते. आठवडाभर आधी बगांची यादी चाळून ‘अर्ध्या दिवसात होईल’ अशीच ६० ते ८० निवडा, प्रत्येकाची पुन्हा घडवून आणायची पायरी लिहून ठेवा. ज्यांच्या पायऱ्या सापडत नाहीत ते बग त्या दिवशी घेऊ नका, एकेका बगमागे दोन माणसं अख्खा दिवस घालवतात. रिव्ह्यू करणारे आधी नेमा, दर पाच दुरुस्त्या करणाऱ्यांमागे एक. ते नेमले नाहीत तर संध्याकाळी सत्तर पुल रिक्वेस्ट (तपासणीसाठी पाठवलेले बदल) उघड्या पडतात आणि महिनाभर तशाच राहतात. स्वयंचलित चाचण्यांची रांगही फुगते: एक फेरी वीस मिनिटांची असेल आणि चार रनर (चाचण्या चालवणारी यंत्रं) असतील तर तासाला फक्त बारा फेऱ्या होतात, आणि दुरुस्त्या त्याहून वेगाने येतात. त्या दिवसापुरते रनर दुप्पट करा. दुरुस्त्या एकाच रिलीजमध्ये कोंबू नका, तीन-चार तुकड्यांत सोडा, म्हणजे काही बिघडलं तर कुठल्या बदलाने बिघडलं ते सापडेल. आणि बंद झालेल्या प्रत्येक बगची बातमी, ज्या ग्राहकाने तो कळवला होता त्याला तुमच्याच टीमकडून जाऊ द्या.